पाय पाहून फळी

पन्नाशी जवळ आली कीं माणसानें गुडघ्यांची काळजी घ्यावी, रात्रीं हलकें जेवावें आणि नव्या छंदाच्या वाटेला जाऊं नये, असा आपल्या घरांतून एक अलिखित नियम असतो. आमच्या घरांत तर तो लिखित असल्यासारखाच पाळला जाई. माझ्या वडिलांनीं पंचेचाळिसाव्या वर्षीं टेनिसची रॅकेट माळ्यावर टाकली, ती पुन्हां खालीं आली नाहीं. अशा घरांतला मी, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, परक्या देशांतील बर्फाच्या उतारावर, दोन्ही पाय एकाच फळीला जखडून, अंग जमिनीला टेकेल इतकें कलवून वळणें घेण्याच्या नादीं लागलों, हें ऐकून पुण्याच्या घरीं काय झालें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. काकूंनीं फोनवर एकच प्रश्न विचारला, "अरे, पण पाय बांधून कशाला?"

नोकरीनिमित्त मी गेलीं कित्येक वर्षें स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतांत, ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत राहतों. सिएरच्या स्टेशनावरून बस धरली कीं ती वळणावळणांनीं डोंगर चढत झिनाल नांवाच्या लहानशा गांवीं नेऊन पोंचवते. गांव सुमारें १,६७५ मीटर उंचीवर. तेथून तारेवरचा पाळणा सोरेबोआच्या माथ्याकडे, २,४०० मीटरांच्या वर नेतो. समोर ४,५०६ मीटर उंचीचें वाइसहॉर्न शिखर उभें असतें. पहिल्या वर्षीं मी तेथें मुलाला स्की शिकवण्यासाठीं गेलों, आणि उपाहारगृहाच्या गच्चीवर कॉफी पीत बसलेल्या बापांपैकीं एक होतों. अशाच एका सकाळीं मला वरच्या उतारावर एक बाई दिसल्या. केस पांढरे होते. त्या एका अरुंद फळीवरून खालीं येत होत्या, आणि प्रत्येक वळणावर त्यांचें अंग इतकें झुकत होतें कीं कोपर बर्फाला लागावें. आवाज जवळजवळ नव्हता. त्या निघून गेल्यावर उतारावर उरली ती केवळ एक बारीक, अखंड, नागमोडी रेघ. कॉफी निवून गेली, आणि माझें मनहि ठिकाणावर राहिलें नाहीं.

बर्फावर फळी घेऊन घसरण्याचा हा खेळ फारसा जुना नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील मस्कीगन गांवीं शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें आपल्या मुलींसाठीं दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणें केलें. त्यांतून पुढें स्नोबोर्ड वाढला, आणि १९९८ सालीं जपानांतील नागानो येथें तो ऑलिंपिकमध्यें जाऊन बसला. बहुतेक लोक जी फळी वापरतात ती रुंद असते, आणि पायांत मऊ बूट असतात. त्यांनीं उड्या मारतां येतात, ताज्या भुसभुशीत बर्फांत तरंगतां येतें. परंतु शर्यतीचे खेळाडू आणि रेघ ओढण्याचें वेड लागलेले थोडे लोक कडक बूट घालतात. चेक देशाची एस्तेर लेदेत्स्का हिनें २०१८ सालीं प्योंगचँग येथें स्कीवर एक सुवर्णपदक जिंकलें आणि आठवडाभरांत अशाच फळीवर दुसरें जिंकलें, तेव्हां या लोकांकडे जगाचें थोडा वेळ लक्ष गेलें. एरव्हीं सगळ्या डोंगरावर असा एखादाच माणूस भेटतो. झिनाल मात्र या पंथाचें क्षेत्रच म्हणावें. सबंध अंग बर्फावर लोळवून वळणारे लोक तेथें दुरून येतात.

कडक बूट कशाला, हें काकूंना समजावतांना माझी पुष्कळ तारांबळ उडाली, म्हणून येथें नीट सांगतों. फळी बर्फावर सपाट असली कीं ती नुसती घसरते. ती एका कडेवर उभी केली कीं तिची पोलादी कड बर्फांत रुततें, आणि फळी त्या कडेच्या बांकाप्रमाणें वळते. डमरू लांब ताणावा तशी ही फळी टोकांशीं रुंद आणि कमरेशीं अरुंद असते. हा कमरेचा बांकच वळणाचें बीज होय. आतां, मऊ बूट घालून पाय फळीवर आडवे ठेवले, तर फळी फार कलंडतांच बोटें वा टांच बर्फाला घासते आणि कड उचलली जाते. म्हणून फळी अरुंद करावयाची, आणि पाय आडवे न ठेवतां पुढच्या दिशेला पन्नास-साठ अंश वळवून ठेवावयाचे. पाय साठ अंश वळवला कीं त्याच्या लांबीचा आडवा पसारा निम्म्यावर येतो, हें त्रिकोणमिति शिकलेल्या कोणत्याहि विद्यार्थ्यास पटेल. परंतु अशा स्थितींत घोट्याला आधार हवा; तो जाड प्लॅस्टिकचें कवच आणि चार बकलें असलेला बूट देतो. गुडघा किंचित् हलला कीं फळीला तत्काळ कळतें. सुख त्यांतच आहे, आणि धोकाहि त्यांतच.

तीन हिवाळे मीं एका जुन्या, सौम्य फळीवर शिकण्यांत घालवले. थोडेंफार जमूं लागलें, आणि जमूं लागलें कीं माणसाला जें होतें तें मला झालें. कोणीतरी वापरून विकावयास काढलेली खरी शर्यतीची फळी माझ्या दृष्टीस पडली. लांबी १८५ सेंटिमीटर, आंत धातूचा पत्रा, कमरेच्या बांकाची त्रिज्या एकोणीस मीटर. विकणाऱ्या गृहस्थानें प्रामाणिकपणें विचारलें, "आपण शर्यतींत उतरतां काय?" मीं 'होय' म्हटलें नाहीं, पण 'नाहीं' हें इतक्या हळू म्हटलें कीं त्यांना ऐकूं गेलें नसावें. आमच्या सौ. नीं फळी दारांत पाहिली आणि म्हणाल्या, "ही तुमच्यापेक्षां उंच आहे." मीं तो विनोद समजलों. ती सूचना होती.

येथें घरची हकीकत सांगणें भाग आहे. २०२२ च्या माघांत माझे वडील गेले. मी पोंचेपर्यंत सर्व उरकलें होतें. पुढच्या माघांत वर्षश्राद्ध होतें. थोरला भाऊ म्हणून सर्व दादाच करणार होता, तरी सगळ्यांनीं एकत्र असावें अशी आईची इच्छा होती. ५ फेब्रुवारीचें विमानाचें तिकीट काढून ठेवलें होतें. जानेवारीचा शेवटचा रविवार आला. सौ. म्हणाल्या, "आतां आठवडा तर राहिला. आज नाहीं गेलांत तर नाहीं का चालणार?" मी म्हणालों, "दोनच फेऱ्या मारून येतों."

दुसऱ्याच फेरींत मी पडलों. बर्फ टणक होतें, वेग अधिक होता, आणि टांचेच्या कडेवरचें वळण घेतांना फळी वांकेना. ती सरळच जाऊं लागली तेव्हां मीं घाबरून अंग आंत झोंकून दिलें. कड सुटली, पुन्हां एकाएकीं रुतली आणि तिनें मला डाव्या खांद्यावर फेकून दिलें. कॉलरबोन मोडलें. उताराच्या रखवालदारांनीं घसरगाडीवर बांधून खालीं आणलें तेव्हां आकाश अगदीं स्वच्छ निळें होतें, आणि माझ्या मनांत खांद्याचा विचार नव्हता, तिकिटाचा होता. शस्त्रक्रिया झाली, धातूची पट्टी बसली, आणि डॉक्टरांनीं लांबच्या प्रवासाला कांहीं आठवडे साफ नकार दिला.

श्राद्धाच्या दिवशीं पुतण्यानें फोनवर चित्र दाखवलें. दादा सोवळें नेसून पाटावर बसला होता, शेजारचा पाट रिकामा होता. तो मुद्दाम मांडला होता कीं नेहमींच्या संवयीनें, हें मीं आजवर विचारलेलें नाहीं. आई फोनवर आली. "दुखतंय का फार?" एवढेंच विचारून तिनें फोन काकूंकडे दिला. काकू रागावल्या, वहिनी रागावल्या. त्यांच्या रागाचें मला ओझें वाटलें नाहीं. आई रागावली नाहीं, त्याचें वाटलें. त्या रात्रीं मीं सौ. ना सांगितलें, "संपलें. फळी विकून टाकूं." ती जुन्या चादरींत गुंडाळून तळघरांत ठेवली.

आषाढांत पुण्यास गेलों. आईनें दारांतच सदऱ्याचें वरचें बटण काढून खांद्यावरचा व्रण पाहिला, त्यावरून बोट फिरवलें, आणि "जेवून घे," म्हणाली. रात्रीं सर्व निजल्यावर दादा आणि मी गॅलरींत बसलों. दादानें तीस वर्षें शाळेंत गणित शिकवलें. त्याला खेळांत गम्य नाहीं. पण उत्तर चुकलें असतां कोणत्या पायरीला चुकलें हें शोधल्याशिवाय त्याला झोंप येत नाहीं.

"पडलास कसा, तें सांग," तो म्हणाला.

मीं सांगूं लागलों. त्यानें कॅलेंडरचें जुनें पान उलटें करून पेन्सिल घेतली. फळीच्या बांकाची त्रिज्या एकोणीस मीटर. फळी साठ अंश कलवली तर वळणाची त्रिज्या ढोबळपणें तिच्या निम्मी, म्हणजे साडेनऊ. आतां माणूस साठ अंश कलून न पडतां राहावयाचा तर वेग किती हवा? दादानें मांडणी केली आणि उत्तर काढलें: ताशीं सुमारें पंचेचाळीस किलोमीटर. "आणि तुझी पहिली फळी?" तिची त्रिज्या अकरा. पुन्हां आकडेमोड झाली: ताशीं पस्तीस. दोहोंतहि पायांवर भार पडावयाचा तो शरीराच्या वजनाच्या दुप्पट.

"तुला पंचेचाळीसच्या वेगाला असा कल देतां येतो?"

"नाहीं," मीं कबूल केलें. "पस्तीसला येतो. त्यापुढें भीति वाटते."

"म्हणजे भीति वाटली कीं तूं कल कमी देणार, कल कमी दिलास कीं वळण मोठं होणार, वळण मोठं झालं कीं वेग वाढणार, आणि वेग वाढला कीं भीति आणखी वाढणार." त्यानें पेन्सिल खालीं ठेवली. "हा फळीचा दोष नाहीं, खेळाचाहि नाहीं. पहिल्याच पायरीला चूक आहे. तूं फळी पायाकडे पाहून घेतली नाहींस, लोकांकडे पाहून घेतलीस."

मी म्हणालों, "आतां तो प्रश्नच नाहीं. मीं सोडलं."

दादा बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "हें बघ. तूं त्या दिवशीं आला नाहींस, याचा मला राग आहे. तो कांहीं दिवस राहील. पण तूं खेळ सोडलास म्हणून तो जाईल असं समजूं नकोस. नानांनीं रॅकेट माळ्यावर टाकली ती आमच्या शिक्षणापायीं, असं ते आयुष्यभर सांगत. खरं सांगूं? मला तें ऐकायला कधींच आवडलं नाहीं. तुझ्या मुलाला तसलं कांहीं ऐकवूं नकोस. नीट फळी घे. आणि पुढच्या माघांत ये."

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. या खेळांत म्हण उलटी करावी लागते: पाय पाहून अंथरूण निवडावें. त्या शरदांत मीं तेंच केलें. शर्यतीची फळी एका खऱ्या शर्यतवाल्या तरुणास दिली. नंतर प्रथम बूट घेतले. ही गोष्ट नवशिक्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी: पैसे थोडे असतील तर ते आधीं बुटांवर खर्चावे, फळी जुनी चालेल. बुटांत टांच जागची हलतां कामा नये, बोटें मात्र मोकळीं असावीं. आंतलें अस्तर गरम करून पायाच्या आकाराचें बनवून घेतां येतें, तें अवश्य करावें. मोठा बूट सैल म्हणून सुखाचा वाटतो, आणि पहिल्याच वळणाला दगा देतो.

मग फळी. माझ्या बुटाची लांबी आणि मला सोसणारा कोन पाहून कमरेची रुंदी वीस सेंटिमीटर ठरली. याहून अरुंद घेतली असती तर पाय आणखी वळवावे लागले असते, आणि माझ्या कंबरेला तें मानवत नाहीं. लांबी १६८, त्रिज्या अकरा मीटर. वापरलेली फळी घेतांना तिची पोलादी कड तडकलेली नाहीं ना, थर सुटलेले नाहींत ना, आणि जमिनीवर ठेवली असतां मधोमध कमान उरली आहे ना, हें पाहावें. कमान गेलेली फळी म्हणजे ताण गेलेला चाप. पुढचा पाय साठ अंशांवर, मागचा सत्तावन्न. पुढच्याचें बोटाकडचें अंग आणि मागच्याची टांच किंचित् उंच, म्हणजे गुडघे एकमेकांशीं भांडत नाहींत. कोणता पाय पुढें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ओल्या फरशीवर मुलांसारखें घसरतांना जो आपोआप पुढें जातो, तोच बहुधा खरा.

जानेवारी २०२४ मध्यें मी पुन्हां झिनालला उभा राहिलों. सकाळचा पहिला पाळणा होता. रात्रीं यंत्रांनीं उतार सारवून ठेवलेले असतात, आणि बर्फावर फणीनें विंचरल्यासारख्या बारीक ओळी असतात. या खेळाला हीच वेळ योग्य; दुपारीं उतारावर गर्दी होते, आणि रेघ ओढणारा माणूस उताराची सबंध रुंदी वापरतो, म्हणून तो दुसऱ्यांच्या वाटेंत येतो. निघण्यापूर्वीं वर पाहावें असा डोंगरावरचा नियम आहे. मीं वर पाहिलें, पुन्हां पाहिलें, आणि खरें सांगावयाचें तर आणखी दोनदां पाहिलें. तें नियमासाठीं नव्हतें. खांदा दुखत नव्हता. पण तो विसरलाहि नव्हता.

शेवटीं निघालों. प्रथम एकच वळण: सरळ खालीं, मग फळी बोटांच्या कडेवर, आणि ती आपण होऊन डोंगराकडे वळून थांबेपर्यंत कांहीं करावयाचें नाहीं. सगळी विद्या या 'कांहीं न करण्यांत' आहे. फळी ओढून वळवली कीं ती खरडते आणि झाडूनें ओढल्यासारखा रुंद फराटा उमटतो. ती वळवावयाची नसते, वळूं द्यावयाची असते. गुडघे वांकवावे, दृष्टि जेथें जावयाचें तेथें ठेवावी, आणि हात बर्फाला लावण्याचा मोह आवरावा. हात पोंचवावयास गेलें कीं कमरेंतून अंग मोडतें आणि कडेवरचा भार उडतो. अंग पुरेसें कललें कीं बर्फ स्वतःच हाताशीं येतें.

मग टांचेची बाजू. त्याच बाजूला मी पडलों होतों. पोटांत गोळा आला. त्या क्षणीं, हंसूं येईल, पण मला दादाचें कॅलेंडरचें पान आठवलें: अकरा, साठ अंश, पस्तीस. हा आकडा माझ्या आटोक्यांतला होता. मीं फळी कडेवर टाकली आणि वाट पाहिली. फळी वांकली. पायांखालीं कोणीतरी हात धरून वळवावें तशी ती मला घेऊन वळली. अंगाचा भार वाढत गेला, तळपाय दाबले गेले, आणि वळणाच्या अखेरीस तो सर्व भार एकदम फुलासारखा हलका झाला. आवाज नव्हता. खालीं येऊन मागें पाहिलें: बोटभर खोल, बारीक, अखंड रेघ. एके ठिकाणीं ती जरा फाटली होती. तरी ती माझी होती.

मीं तिचें छायाचित्र दादाला पाठवलें. संध्याकाळीं उत्तर आलें: "रेघ चांगली. त्रिज्या काढतां येत नाहीं, कारण मापाला शेजारीं कांहीं ठेवलेलं नाहीं. शाळेंत अर्धा गुण कापला असता."

फेब्रुवारीची पहिली तारीख उजाडतांच मीं फळी तळघरांत ठेवली. माघाआधींचा महिना बर्फावर पाय ठेवावयाचा नाहीं, हा नियम मीं स्वतःला घालून घेतला आहे, तो सौ. नींहि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहिला आहे, त्यामुळें आतां तो खरोखरच लिखित झाला. श्राद्धाला मी दादाच्या शेजारच्या पाटावर होतों. आम्ही फारसें बोललों नाहीं. आईनें वाढतांना माझ्या पानांत दोनदां खीर घातली. दादाच्या पानांत एकदांच. तो तिच्याकडे पाहून हंसला. पुष्कळ दिवसांनीं मीं त्याला हंसतांना पाहिलें.

निघण्याच्या दिवशीं बॅग भरतांना दादानें सुताराची गुंडाळीची मोजपट्टी आणून कपड्यांत खुपसली. मीं विचारलें, ही कशाला?

"पुढच्या वेळीं रेघेशेजारीं ठेव," तो म्हणाला. "आणि जपून."

ती मोजपट्टी आतां माझ्या बर्फाच्या कोटाच्या खिशांत असते.